मतं खाल्ली म्हणे, पण कोणाची?

२०१९च्या लोकसभा निकालानंतर नांदेडचे आकडे महाराष्ट्रभर फिरले. काँग्रेसचे अशोक चव्हाण ४०,१४८ मतांनी पडले आणि वंचित बहुजन आघाडीच्या यशपाल भिंगे यांना १,६६,१९६ मतं पडली. खटला तिथेच निकाली निघाला. वंचितनं काँग्रेसची मतं खाल्ली, भाजपला खासदार दिला, सबब वंचित ही भाजपची ‘बी टीम’. शिक्का पक्षावर मारला, पण डाग लागला तो त्या दीड लाखाहून जास्त मतदारांना. त्यांना म्हणे कळलंच नाही, आपण कोणाच्या पथ्यावर पडतोय.

या आरोपात अजिबात दम नाही, असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे निम्म्याहून जास्त मतं मिळवावी लागत नाहीत. बाकीच्यांपेक्षा एक मत जास्त मिळालं तरी खासदारकी मिळते. विरोधातली मतं दोघांत वाटली गेली की तिसऱ्याचं फावतं. नांदेडात भिंगे यांची चौथा हिस्सा मतं जरी चव्हाणांना पडली असती आणि उरलेले घरी बसले असते, तरी निकाल फिरला असता. तेवढ्यापुरतं गणित बरोबर आहे.

आता हेच गणित सोलापुरात मांडून बघा. काँग्रेसचे सुशीलकुमार शिंदे १,५८,६०८ मतांनी हरले. वंचितचे नेते प्रकाश आंबेडकरांना १,७०,००७ मतं मिळाली. बेरीज करणारे लगेच म्हणाले, बघा, फरकापेक्षा मतं जास्त! पण शिंदे निवडून यायचे तर आंबेडकरांच्या दर शंभर मतदारांतल्या चौऱ्याण्णव जणांनी हातावर शिक्का मारल्यासारखं काँग्रेसकडे जायला हवं होतं आणि उरलेल्या सहांतल्या एकानंही कमळाचं बटण दाबायला नको होतं. इतके आज्ञाधारक मतदार काँग्रेसला तिच्या भरभराटीच्या काळातही मिळाले नसतील. अकोल्यात तर गंमतच. तिथे आंबेडकर दुसरे आले आणि काँग्रेस तिसरी. मग कोणी कोणाची खाल्ली? तो प्रश्न कोणी विचारला नाही, कारण मोठा पक्ष मतं ‘खातो’ हे आपल्याला सुचतच नाही.

सांगलीचं उदाहरण सगळ्यांत बोलकं. तिथे वंचितचे गोपीचंद पडळकर तीन लाखांवर गेले आणि काँग्रेस आघाडीकडून उभे असलेले वसंतदादा पाटलांचे नातू विशाल पाटील पडले. पडळकर आधी भाजपमध्येच होते. त्यांच्यामागे उभा राहिलेला धनगर समाजातला मतदार २०१४ साली आरक्षणाच्या आश्वासनावर महायुतीकडे गेलेला आणि वाट बघून चिडलेला. पडळकर उभे नसते तर तो मतदार सरळ विशाल पाटलांकडे गेला असता, हे कशावरून? काही घरी बसले असते, काही पुन्हा कमळाकडे गेले असते. पुढे २०२४ साली महाविकास आघाडीनं सांगलीची जागा उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेला दिली, विशाल पाटलांनी अपक्ष म्हणून फॉर्म भरला, वंचितनं त्यांना पाठिंबा दिला आणि ते निवडून आले. आघाडीचे अधिकृत उमेदवार साठ हजारांच्या आसपास राहिले. मतविभागणीचा ठपका ठेवायचाच, तर त्या वेळी तो आघाडीवरच ठेवावा लागेल. कोणी ठेवला नाही. विशालरावांचं स्वागत मात्र झालं.

मुळात चूक आहे ती ‘हक्काची मतं’ या समजुतीत. गिऱ्हाईक पलीकडच्या दुकानात गेलं म्हणून कोणी त्याच्यावर गल्ल्यावर हात मारल्याचा आळ घेत नाही. राजकारणात मात्र राजरोस घेतात. निकालानंतर फॉर्म २० हाती येतो. मतदान केंद्रानुसार कोणाला किती मतं पडली, ते त्यात छापलेलं असतं. त्यावर बोट ठेवून कार्यकर्ते कोणत्या वस्तीनं ‘दगा दिला’ ते ठरवतात. त्या वस्तीला पाच वर्षांत काय दिलं, याचा रकाना फॉर्म २० मध्ये नसतो.

आणि ज्याच्यासाठी एवढा टाहो फोडला, त्या नांदेडचं पुढे काय झालं? फेब्रुवारी २०२४ मध्ये अशोक चव्हाण स्वतःच भाजपमध्ये गेले आणि राज्यसभेवर खासदार झाले. ज्यांनी २०१९ मध्ये चव्हाणांना मत दिलं नाही ते भाजपचे हस्तक, आणि चव्हाण? ‘बी टीम’ म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी त्या दीड लाख लोकांची माफी मागितली, हे मला कोणी सांगावं.

तिसऱ्या पक्षांचे पुढारी धुतल्या तांदळासारखे असतात, असा याचा अर्थ नाही. पडळकर लोकसभेनंतर सहा महिन्यांच्या आत भाजपमध्ये परतले. तीन लाख लोकांनी ज्या रागानं मतं दिली तो राग एका माणसाच्या उमेदवारीसाठी वटवला गेला. जागावाटपात शेवटपर्यंत ताणून धरण्यात वंचितचे नेतेही कमी नाहीत. पण पुढाऱ्याच्या उडीचा हिशेब मतदाराच्या खात्यावर का मांडायचा?

तो मतदार तर स्वतः हिशेबी आहे. २०१९ मध्ये राज्यात सात टक्क्यांच्या आसपास मतं घेणारी वंचित २०२४च्या लोकसभेत तीन टक्क्यांच्याही खाली आली. भाजपची ‘चारसौ पार’ची घोषणा ऐकली, संविधान बदललं जाईल अशी धास्ती वाटली, आणि एरवी वंचितला मत देणाऱ्यांतला मोठा भाग महाविकास आघाडीकडे गेला असं आकडे सांगतात. अठ्ठेचाळीसपैकी तीस जागा आघाडीला मिळाल्या, त्यात या मतांचाही वाटा आहे. त्यांना कोणी हुकूम दिला नव्हता, उलट त्यांच्या नेत्यानं वेगळे उमेदवार दिले होते. २०१९ मध्ये ज्यांना भोळे ठरवलं, त्यांतलेच हे लोक.

तिसऱ्याला मत देणं म्हणजे मोठ्या पक्षाला दिलेली नोटीस असते: आमची किंमत ठरवा. ती किंमत एकदा मोजली गेली आहे. १९९८ साली शरद पवारांच्या काँग्रेसनं रिपब्लिकन गटांना खुल्या जागा सोडल्या. अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, अमरावतीतून रा. सू. गवई, चिमूरमधून जोगेंद्र कवाडे आणि उत्तर-मध्य मुंबईतून रामदास आठवले असे चौघे लोकसभेत गेले. काँग्रेसलाही राज्यात तेहतीस जागा मिळाल्या. तेव्हा कोणी कोणाची मतं खाल्ली नाहीत. देणंघेणं झालं होतं, एवढंच.

मतविभागणीनं ज्यांची खरोखर झोप उडते, त्यांच्यासाठी उपाय घरातच आहे. विधान परिषदेच्या पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांत पसंतीक्रमानं मतदान होतं. पहिली पसंती मनासारख्याला द्यावी, दुसरी त्यातल्या त्यात बऱ्याला. पहिला बाद झाला की मत दुसऱ्याकडे सरकतं. अमरावतीच्या शिक्षक मतदारसंघात २०२०च्या डिसेंबरमध्ये किरण सरनाईक हे अपक्ष असेच पुढच्या पसंतीच्या मतांवर निवडून आले. हीच पद्धत लोकसभेला आणा, अशी मागणी घेऊन महाराष्ट्रातला एकही मोठा पक्ष रस्त्यावर उतरलेला मला आठवत नाही. उतरेल कशाला? दुसरी पसंती मिळवायची तर त्या वस्तीत जाऊन काहीतरी द्यावं लागतं. ‘आम्हाला नाही दिलंत तर ते येतील’ एवढी भीती दाखवून आज पहिलीच मिळते.