नाव झाकून लिहावे काय?

सातपूरहून एका भगिनीचे पत्र आले आहे. सोबत पाठपोट लिहिलेली चौदा पाने. गोष्ट आणखी दहा-पंधरा वर्षांनंतरच्या एका कारखान्याची. सारी कामे यंत्रे करतात, रात्रपाळीला एकच कामगार उरला आहे आणि एका रात्री यंत्रे त्यालाच फाटकातून आत घेत नाहीत. आम्ही एका बैठकीत वाचून काढली. चहा निवून गेला.

खाली सही टोपणनावाची. ताई लिहितात, "आमचे हे कंत्राटावर आहेत. खरे नाव छापले तर ठेकेदार ओळखेल. शिवाय आडनाव वाचले की लोक गोष्ट सोडून आमची वस्ती विचारतात. नाव झाकणे भित्रेपणाचे आहे का?"

ताई, १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा घेतली. 'कृष्णविवर' या कथेला पहिले बक्षीस मिळाले. लेखक, नारायण विनायक जगताप. असा कोणी जगताप नव्हताच! ते होते डॉ. जयंत विष्णु नारळीकर, १९६५ सालीच पद्मभूषण मिळालेले शास्त्रज्ञ. आद्याक्षरे उलटी करून त्यांनी नाव बनवले. हस्ताक्षर ओळखू नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंकडून लिहवून घेतली. त्या स्वतः गणिताच्या विदुषी. पुढे नारळीकरांनी 'वामन परत न आला' ही यंत्रमानवाची थरारक कादंबरी लिहिली. आपल्या नाशिकला डिसेंबर २०२१ मध्ये ९४ वे साहित्य संमेलन भरले, त्याचे अध्यक्ष तेच होते. प्रकृतीमुळे मात्र येऊ शकले नाहीत. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले.

पण त्यांचे झाकणे आणि आपले झाकणे एक नव्हे, हे आम्हांला कळते. मोठ्या नावाने परीक्षक भुलू नयेत म्हणून त्यांनी ते झाकले. आपल्याला नावाने दार बंद होण्याची धास्ती. विहितगावात जन्मलेल्या बाबुराव बागुलांनी १९६३ सालच्या संग्रहाला 'जेव्हा मी जात चोरली होती!' हेच नाव दिले. त्या कथेतला कामगार परमुलखात जात लपवतो आणि उघडी पडताच मार खातो. ते लपवणे जगण्यासाठी होते. बागुलांनी मात्र पुस्तकावर स्वतःचे नाव घातले.

बायांचे आणखी वेगळे. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' निघाले, तेव्हा ही विभावरी शिरूरकर कोण म्हणून गदारोळ उठला. त्या होत्या बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर. सोलापूरच्या गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या वसाहतीत त्यांनी नोकरी केली आणि १९५० साली 'बळी' लिहिली. त्याही पुस्तकावर विभावरीच. नाव खोटे होते, आत लिहिलेले खोटे नव्हते.

तेव्हा ताई, भित्रेपणा म्हणू नका. घरातल्या पगाराची काळजी हा भित्रेपणा नसतो. टोपणनाव खुशाल ठेवा, खरे नाव आमच्याकडून बाहेर जाणार नाही. फक्त एक करा. बाराव्या पानावर ठेकेदार पळून जातो, ते घाईत उरकले आहे. आणि फाटकाबाहेर उभा राहिलेला तो कामगार सकाळी घरी जाऊन बायकोला काय सांगतो, ते लिहिलेच नाही. तेवढी दोन पाने लिहून पाठवा. जागा राखून ठेवली आहे.