चाकांचे सांधे

नोकरी-व्यवसायानिमित्त बेंगळुरूस बिऱ्हाड थाटलेली मराठी कुटुंबे आता पुष्कळ आहेत. दिवाळीस किंवा मे महिन्यात ही मंडळी मुलाबाळांसह मोटारीत बसतात आणि चित्रदुर्ग, हुबळी, बेळगाव, कोल्हापूर या मार्गाने सुमारे साडेआठशे किलोमीटरांचा पल्ला गाठून पुण्यास येतात. निघण्यापूर्वी इंजिनातील तेल, पाणी व चाकांतील हवा पाहण्याची दक्षता बहुतेक जण घेतात. परंतु ज्या सांध्यांनी चाके गाडीस जोडलेली असतात व ज्यांच्या योगे ती वळतात, त्यांची विचारपूस सहसा कोणी करीत नाही. वर्षभर बेंगळुरूच्या रस्त्यांवर फिरलेल्या गाडीच्या बाबतीत ही उपेक्षा बरी नव्हे.

त्या शहरात वळिवाच्या सरी मे महिन्यात सुरू होतात आणि पाऊस थांबत थांबत ऑक्टोबरपर्यंत पडत राहतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात तर त्याचा जोर विशेष असतो. खड्डे बुजविण्यास कोरडे दिवस थोडेच मिळतात. त्यात गतिरोधकांची भर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या प्रमाणानुसार गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद व १० सेंटिमीटर उंच असावा. गल्लीबोळांत मात्र रस्त्यावर आडवा ओंडका टाकावा तसे अरुंद उंचवटे आढळतात. गाडीचे पोट घासू नये म्हणून चालक ते तिरपे ओलांडतो. अशा वेळी एक चाक वर व दुसरे खाली अशी ओढाताण होते. वळणावर गाडी फार कलू नये म्हणून बसविलेला जो आडवा दांडा असतो, त्याच्या टोकांच्या लिंक रॉडवर तो सारा ताण येतो. पुढच्या भागात बहुधा हेच प्रथम झिजतात.

मग लहानशा खडबडीवरून सावकाश जाताना 'खट् खट्' असा आवाज येऊ लागतो. कन्नड भाषेत आवाजास 'शब्द' म्हणतात. आपली गाडी 'शब्द' करते हे गॅरेजात प्रथम ऐकताना मराठी माणसास मौज वाटते. या शब्दाने घाबरून जाण्याचे कारण नाही. लिंक रॉड हा तुलनेने स्वस्त भाग आहे, तो बदलण्याचे काम थोडक्यात आटोपते, आणि तो सैल असला तरी गाडी सहसा ताब्याबाहेर जात नाही.

खरी काळजी करावी ती न बोलणाऱ्या सांध्यांची. चाकास खालून धरून ठेवणाऱ्या आर्मच्या टोकाशी बॉल जॉइंट असतो, आणि स्टिअरिंगची हालचाल चाकापर्यंत पोहोचविणाऱ्या टाय रॉडच्या टोकाशी तसाच दुसरा. पहिला निखळला तर चाक आडवे होऊन गाडीचा तो कोपरा खाली बसतो. दुसरा निखळला तर स्टिअरिंग कितीही फिरविले तरी ते चाक जुमानत नाही. आणि हे दोन्ही सांधे झिजत असताना पुष्कळदा फारशी कुरकुरही करीत नाहीत.

पूर्वी त्यांच्यावर आपोआपच लक्ष राहत असे. ज्या घरात अँबॅसडर किंवा प्रीमियर पद्मिनी होती, तेथील वडीलधाऱ्यांना 'ऑइलिंग-ग्रीसिंग' हा शब्द आठवत असेल. सांध्यांवरील निपलांतून ठरावीक काळाने ग्रीस भरावे लागे, आणि त्या निमित्ताने कारागिराचा हात प्रत्येक सांध्यावरून फिरे. सैल सांधा हातास तत्काळ कळे. आजचे सांधे बहुधा कारखान्यातच ग्रीस भरून रबरी आवरणात बंद केलेले असतात. कटकट मिटली, पण तो हातही गेला. या आवरणास कारागीर 'बूट' म्हणतात. बूट फाटला की धूळ व चिखलाचे पाणी आत शिरते, ग्रीस बाहेर पडते आणि गोळी झपाट्याने झिजते. म्हणून वर्षातून दोनदा, निदान पावसाळा संपताच, पुढची चाके पूर्ण वळवून आतील बूट बॅटरीच्या प्रकाशात पाहावेत. फाटलेला किंवा ग्रीस ओघळलेला बूट दिसला, तर आवाजाची वाट पाहू नये.

सांध्यांची परीक्षा घरीही करता येते. सपाट जागी हँडब्रेक ओढून, मागील चाकांस दगड लावून पुढील चाक जॅकने उचलावे व गाडीखाली स्टँड द्यावा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कदापि शिरू नये. घड्याळातील नऊ व तीनच्या जागी चाक धरून हलविल्यास खुळखुळ जाणवली, तर संशय टाय रॉडवर घ्यावा. बारा व सहाच्या जागी जाणवली, तर दोष बॉल जॉइंटचा किंवा चाकाच्या बेअरिंगचा असतो. दोहोंतील भेद ओळखण्याची एक जुनी युक्ती अशी की, दुसऱ्या कोणास ब्रेक दाबून धरण्यास सांगावे. खुळखुळ थांबली तर बेअरिंग, न थांबली तर सांधा.

शॉक अॅब्सॉर्बरवर मात्र नको तितका दोष येतो. त्याच्या अंगावरून तेल ओघळलेले असेल, टायर ठिकठिकाणी वाटीसारखा झिजला असेल किंवा खड्ड्यानंतर गाडी झुलत राहत असेल, तरच तो बदलावा. आणि बदलताना एका आसावरील दोन्ही बदलावेत.

गाडी एका बाजूस ओढत असेल तर प्रथम थंड चाकांतील हवा मोजावी. आपल्याकडे रस्त्याच्या डाव्या बाजूने चालावयाचे असल्याने व पाणी वाहून जाण्यासाठी रस्ता कडेला उतरता असल्याने डावीकडे किंचित झुकणे हा दोष नव्हे. विशिष्ट वेगास, साधारणतः ताशी ८० ते १०० किलोमीटरांच्या दरम्यान, स्टिअरिंग थरथरत असेल तर चाकांचे बॅलन्सिंग बिघडलेले किंवा खड्ड्यात आदळून रिम वाकलेली असण्याचा संभव अधिक.

आता अलाइनमेंटविषयी. वळताना आतील चाक बाहेरच्यापेक्षा अधिक वळले पाहिजे, ही कल्पना मोटारीहून जुनी आहे. म्युनिकच्या गेओर्ग लांकेनस्पेर्गर या बग्गी बनविणाऱ्याच्या युक्तीचे पेटंट लंडनमधील प्रकाशक रुडॉल्फ आकरमान याने १८१८ साली घेतले. नाव मात्र आकरमानचेच रूढ झाले. ही सारी भूमिती टाय रॉडच्या नेमक्या लांबीवर टिकून असते. सांधा सैल असताना केलेली अलाइनमेंट यंत्राच्या पडद्यावर सुरेख दिसते व पहिल्याच खड्ड्यात बिघडते. अनेक ठिकाणी सांधे न तपासताच गाडी यंत्रावर चढविली जाते. तो पैसा व्यर्थ होय. आधी सांधे, मग अलाइनमेंट, हा क्रम आपणच आग्रहाने सांगावा.

सुट्या भागांसाठी बेंगळुरूतील जे. सी. रोड प्रसिद्धच आहे. तेथे भाव कमी-अधिक होतो, परंतु या दोन सांध्यांच्या बाबतीत सर्वांत स्वस्त माल घेण्याचा मोह टाळावा. बसविताना दोन गोष्टींवर नजर ठेवावी. जुनी स्प्लिट पिन किंवा लॉक नट पुन्हा वापरू देऊ नये. दुसरे असे की, आर्मच्या रबरी बुशांचे बोल्ट चाके अधांतरी असताना अखेरचे आवळू नयेत. गाडीचा भार चाकांवर आल्यावरच आवळावेत, अन्यथा रबर सतत पिळलेल्या स्थितीत राहून लवकर फाटते. घाईत असलेला कारागीर हे टाळू पाहील. आपण शांतपणे तेथेच उभे राहावे, काढलेले भाग परत मागून घ्यावेत, आणि प्रवासाच्या आदल्या दिवशी नव्हे तर निदान आठवडाभर आधी हे काम उरकावे, म्हणजे गावातल्या गावात गाडी चालवून काही राहिले असल्यास दाखविण्यास अवसर मिळतो.