झाडूची पाळी

जी रीत रोज डोळ्यांपुढे असते, तिचे कोणालाच नवल वाटत नाही. नवल वाटते ते परक्याच्या रीतीचे. युरोप-अमेरिकेतून जपानात जाणाऱ्या प्रवाशाला पहिला अचंबा वाटतो तो घराच्या दारातच. आत पाऊल टाकण्यापूर्वी तेथे जोडे काढावे लागतात. त्यासाठी दारालगत थोडी सखल जागा असते. तिला जपानी लोक ‘गेनकान’ म्हणतात. काढलेले जोडे दाराकडे तोंड करून नीट मांडून ठेवावेत आणि मगच घरात चढावे, असा तेथील शिष्टाचार आहे.

हीच गोष्ट रायगड जिल्ह्यातील म्हसळ्याच्या मुलाला सांगितली, तर तो म्हणेल, “यात नवल ते काय?” त्याच्या घरीही वहाणा पायरीशीच निघतात. देवळाबाहेर त्या निघतात, तशा मशिदीबाहेरही निघतात. पावसाळ्यात चिखलाने भरलेले पाय धुतल्यावाचून कोणी ओटीवर चढत नाही. दोन्हीकडचे कारण एकच आहे. कोकणात काय किंवा जपानात काय, पाऊस भरपूर. आणि बसणे, जेवणे, निजणे हे सारे जमिनीवर, अशी जुनी पद्धत. जपानी घरातील ‘तातामी’ म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या जाड थरावर लव्हाळ्याची चटई मढवून केलेली बैठक. ज्या जमिनीवर अंग टाकायचे, ती स्वच्छ ठेवलीच पाहिजे. रीतीमागचे कारण कळले की तिचा विचित्रपणा नाहीसा होतो.

काही जपानी रीती मात्र म्हसळ्याच्या मुलालाही चकित करतील. त्यांतील सर्वांत विचार करण्याजोगी रीत तेथील शाळांत दिसते. तेथे मुले स्वतःच वर्ग झाडतात आणि ओल्या फडक्याने जमीन पुसतात. पुष्कळ शाळांत स्वच्छतागृहेही तीच धुतात. जेवणाच्या वेळी, ज्यांची पाळी असेल ती मुले पांढरा अंगरखा व टोपी घालून सोबत्यांना वाढतात. अनेक ठिकाणी शिक्षकही मुलांबरोबर झाडू हाती घेतात. हे काम शिक्षा म्हणून दिलेले नसते. गणित आणि भाषा यांप्रमाणेच तो शिक्षणाचा एक भाग मानला जातो.

२०२२ साली कतारमध्ये फुटबॉलची विश्वचषक स्पर्धा झाली. तेव्हा सामना संपल्यावर जपानी प्रेक्षकांनी आसनांखालचा कचरा पिशव्यांत गोळा केला आणि जगाने तोंडात बोट घातले. ‘ते लोक जात्याच स्वच्छ,’ असे म्हणून हा विषय संपवणे सोपे आहे. परंतु स्वच्छता रक्तातून येत नाही. लहानपणापासून रोज हाती आलेल्या झाडूचे ते फळ होते.

भारतात या झाडूची कथा निराळी आहे. झाडण्याचे व मैला उचलण्याचे काम येथे शेकडो वर्षे काही जातींच्याच माथी मारले गेले. घाण करणारा उच्च आणि ती काढणारा नीच, असा उफराटा न्याय रूढ झाला. नीच ठरवलेल्यांना सार्वजनिक पाणवठाही बंद होता. म्हणूनच आजच्या रायगड जिल्ह्यातील महाड येथे, चवदार तळ्याच्या पाण्यासाठी, १९२७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. जपानही या दोषापासून मुक्त नव्हता. कातडे कमावणाऱ्या व जनावरे मारणाऱ्या लोकांना तेथेही अस्पृश्य मानत. १८७१ साली कायद्याने तो भेद रद्द झाला. तरीही तो मनांतून पुरता न गेल्यामुळे २०१६ साली पुन्हा कायदा करावा लागला. म्हणून परक्यांना हसू नये, तसे त्यांना देव्हाऱ्यातही बसवू नये. त्यांची रीत पाहावी, कारण शोधावे आणि चांगले ते घ्यावे.

असे घेणे महाराष्ट्राला नवे नाही. जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती वाचून धोंडो केशव कर्वे यांना स्फूर्ती मिळाली आणि १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले. आणि झाडूचा धडा तर घरचाच आहे. गाडगे महाराज ज्या गावी जात, तेथे दिवसा रस्ते झाडत आणि रात्री कीर्तन करीत. लोकांनी त्यांचे कीर्तन आवडीने ऐकले. झाडू मात्र त्यांच्याच हाती राहू दिला.

कित्येक पालक म्हणतात, “मुले शाळेत शिकायला जातात, केर काढायला नव्हे.” या आक्षेपात तथ्य आहे. गरिबांच्या किंवा विशिष्ट जातींच्या मुलांनाच झाडायला लावले, तर तो उघड अन्याय होय. परंतु सरपंचाचा मुलगा, दुकानदाराची मुलगी, मजुराचा मुलगा आणि स्वतः गुरुजी असे सर्वजण पाळीपाळीने झाडू लागले, तर तेच काम समतेचा पाठ होते. ज्याने आज वर्ग पुसला, तो उद्या तेथे कागद टाकताना थबकेल. आणि रस्ता झाडणाऱ्या माणसाशी बोलताना त्याचा शब्दही बदलेल.

शाळाशाळांतून अशी पाळी अवश्य सुरू व्हावी. मात्र त्या यादीतून एकही नाव वगळले जाऊ नये, एवढी अट कसोशीने पाळली पाहिजे.