विकतचें बीं आणि घरचें बीं

१९६३ सालीं राष्ट्रीय बीज महामंडळ, १९६६ सालीं बियाण्यांचा कायदा व १९७६ सालीं अकोल्यास 'महाबीज', या क्रमानें बियाण्याचा धंदा वाढला. त्यायोगें वऱ्हाडांतील कास्तकारास पारखलेलें बीं मिळूं लागलें, हें निर्विवाद होय. परंतु संकरित बीं दरसाल विकतच घ्यावें लागतें. राखून पेरल्यास पीक एकसारखें येत नाहीं. चिखलदऱ्याकडील कोरकू कास्तकार कुटकी-कोदोचें बीं मात्र पिढ्यान्‌पिढ्या घरींच राखीत आले आहेत. बीं राखण्याचा व देण्याघेण्याचा शेतकऱ्याचा हक्क २००१ च्या कायद्यानें मान्य केला आहे. पण पेराच थांबला तर तो हक्क काय कामाचा? म्हणून या वाणांची निवड व वाढ 'महाबीज' आणि कृषि विद्यापीठ यांनीं अधिक नेटानें करावी, व प्रत्येक कास्तकारानें निदान पायलीभर घरचें बीं राखावें, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.