विश्लेषण : बाटलीतले चिमूटभर प्रथिन औषधाची पारख कशी करते?

कर्करोगावरील कार-टी उपचार असो वा संधिवाताचे इंजेक्शन, दोन्हींचा संबंध पेशीवरच्या सायटोकाइन रिसेप्टरशी येतो. हाच मानवी रिसेप्टर प्रयोगशाळेत तयार करून संशोधकांना विकला जातो. तो कसा बनतो, त्याची पारख का गरजेची आणि याबाबत भारत कुठे आहे, याचा आढावा.

सायटोकाइन आणि रिसेप्टर म्हणजे काय?

शरीरात जंतू शिरले की प्रतिकारशक्तीच्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात. हे निरोप म्हणजे सायटोकाइन नावाची छोटी प्रथिने. निरोप पोहोचण्यासाठी समोरच्या पेशीवर तो घेणारे कुणी तरी हवे. ते काम रिसेप्टर म्हणजे ग्राही प्रथिन करते. कुलूप-किल्लीप्रमाणे ठरावीक सायटोकाइन ठरावीक रिसेप्टरलाच बसते. मग पेशीच्या आत सूचना जाते आणि ताप येणे, सूज येणे, नव्या पेशी तयार होणे अशा गोष्टी घडतात.

यातले बहुचर्चित सायटोकाइन म्हणजे इंटरल्युकिन-६, अर्थात आयएल-६. जपानमधील ओसाका विद्यापीठात तादामित्सु किशिमोतो, तोशियो हिरानो आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये त्याचे जनुक शोधले. दोन वर्षांनी, १९८८ मध्ये, त्याच्या रिसेप्टरचे जनुकही हाती लागले. हा रिसेप्टर अडवणारी अँटिबॉडी म्हणजेच टोसिलिझुमॅब हे औषध. जपानमध्ये ते २००५ मध्ये एका दुर्मीळ आजारासाठी आणि २००८ मध्ये संधिवातासाठी मंजूर झाले.

महाराष्ट्राशी याचा संबंध काय?

करोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत, टोसिलिझुमॅबसाठी राज्यभर रुग्णांचे नातेवाईक वणवण फिरत होते. तोवर सामान्य माणसाच्या कानावरही न पडलेले हे नाव तेव्हा घरोघरी पोहोचले. ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीत चार हजारांहून अधिक गंभीर रुग्णांचा अभ्यास झाला. त्यात २८ दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण हे औषध दिलेल्या गटात ३१ टक्के, तर इतरांमध्ये ३५ टक्के होते. म्हणजे औषध उपयोगी होते, पण रामबाण नव्हते.

दुसरा धागा पवईचा आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल सेंटर यांच्या सहकार्यातून साकारलेल्या ‘नेक्सकार१९’ या कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. या उपचारात रुग्णाच्याच पेशी बदलून कर्करोगावर सोडल्या जातात. मात्र कधी कधी या पेशी इतक्या त्वेषाने लढतात की सायटोकाइनचे वादळ उठते. अमेरिकेत २०१२ मध्ये सहा वर्षांच्या एमिली व्हाइटहेडवर असा उपचार झाला, तेव्हा तिचा जीव याच वादळात अडकला होता. टोसिलिझुमॅब दिल्यावर ती सावरली. अमेरिकी औषध प्रशासनाने २०१७ मध्ये या कारणासाठी ते अधिकृतपणे मंजूर केले.

प्रयोगशाळेत रिसेप्टर तयार कसा होतो?

रिकॉम्बिनंट म्हणजे जनुक एका जिवाचे आणि कारखाना दुसऱ्या पेशीचा. मानवी इन्सुलिन जिवाणूंकडून बनवून घेण्याची हीच युक्ती १९८२ मध्ये बाजारात आली. रिसेप्टरच्या बाबतीत त्याचा पेशीबाहेर राहणारा, सायटोकाइनला पकडणारा भाग तेवढा निवडला जातो. त्याचे जनुक डीएनएच्या एका वर्तुळात बसवून ते पेशींमध्ये सोडतात.

जिवाणू स्वस्त आणि भराभर वाढणारे असले तरी मानवी प्रथिनांवर असतात तशा साखरेच्या साखळ्या ते चढवत नाहीत. रिसेप्टरची घडीही त्यांना अनेकदा नीट जमत नाही. म्हणून बहुतेकदा मानवी मूत्रपिंडापासून बनवलेल्या एचईके-२९३ किंवा चिनी हॅमस्टरच्या सीएचओ पेशी वापरतात. प्रथिनाच्या टोकाला हिस्टिडीन या अमिनो आम्लाची शेपटी जोडलेली असते. निकेल असलेल्या नळीतून द्रव सोडला की ही शेपटी निकेलला चिकटते आणि बाकीचा गाळ वाहून जातो. शुद्ध झालेले प्रथिन गोठवून, वाळवून, काही मायक्रोग्रॅमच्या मापाने बाटलीत भरतात. त्यावर ‘फक्त संशोधनासाठी’ असा शिक्का असतो. औषधाला लागणाऱ्या निर्जंतुकतेच्या आणि सुरक्षिततेच्या चाचण्या त्याच्यावर झालेल्या नसतात, त्यामुळे ते माणसाला टोचण्यासाठी नाही.

मग त्याचा उपयोग काय?

नवी अँटिबॉडी रिसेप्टरला किती घट्ट चिकटते, हे मोजायला रिसेप्टर लागतोच. मूळ औषधाची स्वस्त आवृत्ती, म्हणजे बायोसिमिलर, बनवणाऱ्यांनाही आपले औषध मूळ औषधाइतकेच घट्ट बसते, हे दाखवावे लागते. हैदराबादच्या हेटेरो कंपनीच्या टोसिलिझुमॅब बायोसिमिलरला सप्टेंबर २०२१ मध्ये भारतात आपत्कालीन परवानगी मिळाली. असे औषध पारखताना समोर ठेवलेला रिसेप्टरच खोटा असेल, तर मोजमापावर विश्वास कसा ठेवायचा?

काही वेळा तर रिसेप्टर स्वतःच औषध होतो. टीएनएफ या सायटोकाइनच्या रिसेप्टरला अँटिबॉडीचा तुकडा जोडून एटानरसेप्ट बनले आणि १९९८ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. ते रक्तात फिरून टीएनएफला पेशीपर्यंत पोहोचण्याआधीच गाठते आणि अडवते.

पारख इतकी महत्त्वाची का?

कारण सगळे रिसेप्टर एकसारखे वागत नाहीत. टीएनएफचा मोकळा रिसेप्टर निरोप अडवतो, तर आयएल-६ चा मोकळा रिसेप्टर निरोप पसरवू शकतो. तो आयएल-६ ला पकडतो आणि दोघे मिळून जीपी-१३० या दुसऱ्या प्रथिनाला भेटतात. हे प्रथिन शरीरातील बहुतेक पेशींवर असते. परिणामी ज्या पेशींवर आयएल-६ चा रिसेप्टर नाही, त्याही पेटून उठतात. ‘रिसेप्टर घातला म्हणजे सायटोकाइन थंडावले’ असे गृहीत धरणाऱ्या संशोधकाचा निष्कर्ष इथे थेट उलटा निघेल.

त्यात बाटलीगणिक फरक पडतो. प्रथिनाची घडी बिघडलेली असेल, गुठळ्या झाल्या असतील, जिवाणूंचे विष म्हणजे एंडोटॉक्सिन राहिले असेल किंवा वारंवार गोठवून-वितळवून त्याची ताकद गेली असेल, तर प्रयोग फसतो. एंडोटॉक्सिन तर पेशींकडून आयएल-६ तयार करवून घेते. मग दिसलेला परिणाम प्रथिनाचा की अशुद्धीचा, हे कळत नाही. म्हणून लेबलवरच्या शुद्धतेच्या टक्क्यावर विसंबून चालत नाही. प्रथिन सायटोकाइनला खरोखर पकडते का, याची प्रत्येक खेपेला आपल्या प्रयोगशाळेत तपासणी हवी.

भारताची अडचण कुठे आहे?

बायोसिमिलर औषधे मोठमोठ्या टाक्यांमध्ये बनवणारा आपला देश संशोधनासाठी लागणारी अशी प्रथिने मोठ्या प्रमाणावर बाहेरून मागवतो. बाटली चिमूटभर असली तरी तिच्यासोबत शीतसाखळी, सीमाशुल्काची कागदपत्रे आणि प्रतीक्षा येते. वाटेत बर्फ वितळला की अनुदानाचे पैसे पाण्यात. धोरणाचा एक फटकाही किती महागात पडू शकतो, हे जुलै २०२४ मध्ये दिसले. अर्थसंकल्पात प्रयोगशाळेतील रसायनांवरचे सीमाशुल्क १० टक्क्यांवरून थेट १५० टक्क्यांवर नेण्यात आले. वैज्ञानिकांनी आवाज उठवल्यावर काही दिवसांतच संशोधनासाठीच्या आयातीवर ते पुन्हा १० टक्के झाले. निर्णय मागे घेतला गेला, पण आपले संशोधन किती बारीक दोरीवर टांगलेले आहे, हे तेवढ्यात कळले.

पुढे काय करता येईल?

साधने आपल्याकडे नाहीत, असे नाही. पुण्यातील राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र देशभरातील संशोधकांना पेशी पुरवते. पुण्याच्याच परिसरात लस आणि जैविक औषधे बनवणारे मनुष्यबळ आहे. नेहमी लागणारी काही डझन प्रथिने एका सामाईक केंद्रात बनवून, प्रत्येक खेपेच्या तपासणीचा अहवाल खुला ठेवून विद्यापीठांना वाजवी दरात देता येतील. मात्र केवळ ‘स्वदेशी’ शिक्क्यावर खरेदीची सक्ती नको. बाटली कुठली आहे याआधी ती कसोटीला उतरते का, हे पाहिले पाहिजे. अनुदान देणाऱ्या संस्थांनीही अशा तपासणीसाठी वेगळा पैसा आणि वेळ मंजूर करायला हवा.

कार-टीसारख्या उपचारांचे लोकार्पण झाले की त्याची बातमी होते. त्याआधीच्या अनेक वर्षांत एखादा पीएचडीचा विद्यार्थी बाटलीतल्या मायक्रोग्रॅमभर प्रथिनाच्या भरवशावर काम करत असतो. तो भरवसा खरा ठरला तरच पुढचे औषध रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचते.