डोकं बाजूला का ठेवायचं?

'डोकं बाजूला ठेवून बघ, मजा येईल.' महेश कोठारेंचा सिनेमा सुचवताना हे वाक्य आपण इतकं सहज फेकतो की त्यातला अपमान जाणवतच नाही. सुचवणारा आधीच हात वर करून मोकळा. उद्या कुणी त्याच्या आवडीवरून टोमणा मारलाच, तर 'अरे, मी आधीच सांगितलं होतं' म्हणायची सोय.

मार्व्हलच्या सिनेमाला जाताना मात्र कुणी डोकं घरी ठेवून जात नाही. उलट शेवटच्या नामावलीनंतर काय दाखवलं, यावर तासातासाचे व्हिडिओ बघतो आपण. तिकडच्या माणसाला अचाट शक्ती मिळाली की ते मिथक आणि लक्ष्याला मिळाली की पोरकटपणा. हा हिशोब मला मान्य नाही.

'दे दणादण' घ्या. १९८७ चा सिनेमा. हवालदार असलेल्या लक्ष्याला मारुतीच्या कृपेनं प्रचंड ताकद मिळते, पण लाल रंग दिसला की ती गळून पडते. आता लगेच कुणीतरी म्हणेल, ढापलंय ते. बरोबर आहे. सर्जिओ कोर्बुचीच्या १९८० च्या 'सुपर फझ'मध्ये टेरेन्स हिल पोलीस आहे, त्याला अणुस्फोटाच्या किरणोत्सर्गातून शक्ती मिळते आणि तिथेही लाल रंग घात करतो. पण किरणोत्सर्ग काढून त्या जागी मारुती बसवणं ही कारागिरी तुम्हाला दिसत नाही का? मी दिवसभर दुसऱ्यांनी लिहिलेल्या लायब्ऱ्या वापरून सॉफ्टवेअर बांधतो. उसनं घेतलेलं आपल्या घरात नीट बसवणं हे किती किचकट काम असतं, ते मला विचारा. किरणोत्सर्ग म्हणजे काय, हे जत्रेतल्या तंबूत बसलेल्या प्रेक्षकाला समजावण्यात दहा मिनिटं गेली असती. मारुती समजवावा लागत नाही. त्याचं देऊळ नसलेलं गाव महाराष्ट्रात शोधूनच काढावं लागेल. (पाथर्डी तालुक्यातलं नांदूर निंबादैत्य सोडा, तिथे मारुतीला मज्जाव आहे!)

आणि तो लाल रंग. आपल्याकडे लाल रंग कुठे नाही? कुंकू लाल, एसटी लाल, मिरची लाल, लग्नातला अर्धा मांडव लाल. अशा मुलखात लाल रंगाला घाबरणारा बलभीम सोडला की विनोद वेगळा लिहावा लागत नाही, तो गल्लीबोळातून आपोआप येत राहतो. शिवाय नियम इतका स्वच्छ की अक्षरओळख नसलेल्या पोरालाही कळतो. चौकटीच्या कोपऱ्यात लाल काही दिसलं की संकट येणार, हे नायकाच्या आधी त्या पोराला समजतं आणि ते खुर्चीवर उभं राहून ओरडतं. आजी मारुतीसाठी बसली आहे, बाप मारामारीसाठी, पोर लाल रंगासाठी. एकाच प्रसंगाला तीन दारं. कौटुंबिक सिनेमा म्हणतात तो हा. हे डोकं बाजूला ठेवून लिहिता येत असेल, तर लिहून दाखवा.

मग १९९० चा 'धडाकेबाज'. मराठीतला पहिला सिनेमास्कोप चित्रपट म्हणून तो ओळखला जातो. तो रुंद पडदा मराठीत पहिल्यांदा कुणाला मिळाला? संतांना नाही, सरदारांना नाही. कवटीचा मुखवटा घातलेल्या खलनायकाला आणि बाटलीतून निघणाऱ्या गंगारामला. अरबी गोष्टीतला जिन्न गंगाराम होऊन आला आणि लक्ष्मीकांत बेर्डेच्या चेहऱ्यानं आला, तेव्हाच तो आपल्या चाळीतला झाला. खलनायकाचं नाव तर बघा. 'कवट्या' म्हणजे बंड्या, गण्याच्या रांगेतलं, शेजारच्या खोडकर पोराला मारायची हाक. त्याला लगेच 'महाकाळ' जोडलेलं. भीती आणि हसू एकाच नावात. 'थरथराट'मधला टकलू हैवान, 'झपाटलेला'मधला तात्या विंचू, सगळीकडे तीच युक्ती: एक शब्द ओसरीवरचा, एक स्मशानातला. पोरानं घाबरावं, पण रात्री झोपही लागावी, याची ती काळजी आहे.

आपल्या पिढीनं या सिनेमांचं काय केलं? स्टिकर केले. आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर सर्व्हर पडला की कवट्या महाकाळ हजर होतो. मला हसू येतं, मीही पाठवतो. पण मीम चेहरा ठेवतो आणि सिनेमा फेकून देतो. उपरोधानं प्रेम करणं सुरक्षित असतं. आवडलंही म्हणता येतं आणि आपण त्या पातळीचे नाही, हेही दाखवता येतं. याला आपण 'गिल्टी प्लेझर' म्हणतो. गुन्हा नक्की कोणता, ते कुणी सांगत नाही.

हे सगळं आवडीनिवडीपुरतं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. २००४ साली 'श्वास' भारतातर्फे ऑस्करला गेला, राष्ट्रीय पुरस्कारात सर्वोत्कृष्ट ठरला, आणि मराठी सिनेमाला 'आशयघन' हे विशेषण चिकटलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लक्ष्मीकांत बेर्डे गेले. हा निव्वळ योगायोग, पण मला तो टोचतो. 'श्वास', 'टिंग्या', 'फँड्री', 'किल्ला' हे मोठे सिनेमे आहेत, वाद नाही. या सगळ्यांत मूल पडद्यावर आहे. समोरच्या खुर्चीवर मात्र मोठी माणसं आहेत, डोळे पुसत. 'एलिझाबेथ एकादशी'सारखा अपवाद सोडला, तर सहा वर्षांच्या मराठी पोरानं हसत, ओरडत बघावं असं आपण त्याला किती दिलं? ते हिंदीत डब झालेलं बघतं. माझी भाची जेवण, आंघोळ, रुसवा सगळं मराठीत करते. हातात खेळण्यातली तलवार आली की 'रुक जा, तेरी शामत आई है!' पराक्रमाची भाषा हिंदी आणि भाजी संपवायची भाषा मराठी, असं तिच्या डोक्यात पक्कं बसलंय. यावर अभिजात दर्जाचा जीआर काय करणार?

या सिनेमांत खोट नाही, असं मी म्हणत नाही. नायिकांना गाणी गाण्यापलीकडे आणि गुंडांच्या तावडीतून सुटण्यापलीकडे फारसं काम नसतं. टक्कल, जाडेपणा, तोतरेपणा यांवरचे विनोद आज खटकतात, खटकायलाच हवेत. हाणामाऱ्या कधीकधी गरजेपेक्षा लांबतात. पण हे बोलायलाही डोकं जागेवर लागतं. ते बाजूला ठेवलं की कौतुक तर बंद होतंच, तक्रारही बंद होते. आणि ही सवलत सगळ्यात जास्त कोण वापरतं? आजचे आळशी विनोदपट. पटकथेला नियम नाही, खलनायकाला नाव नाही, लंडनमधलं चित्रीकरण आणि रीलसाठी एक नाच. प्रेक्षक वैतागला की प्रमोशनला आलेला नट हसून सांगतो, 'अहो, फॅमिली एंटरटेनर आहे, डोकं बाजूला ठेवून बघा.' कोठारेंच्या सिनेमाबद्दल आपणच तयार केलेलं वाक्य तो आपल्यालाच चिकटवतो आणि आपण साडेतीनशेचं तिकीट काढून, पॉपकॉर्नची बादली मांडीवर घेऊन, गप्प बसतो.