वारसाचे रिव्हॉल्व्हर : परवान्यावर '.३२', पण काडतूस कोणते?

डिचोली : घरातला कर्ता माणूस गेला की घर, शेत, बँक खाते यांच्या वारसनोंदीची धावपळ सुरू होते. कपाटातल्या रिव्हॉल्व्हरची आठवण सगळ्यात शेवटी येते. खरे तर घाई तिथेच हवी. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम २१ नुसार परवानाधारकाच्या मृत्यूनंतर वारसाने ते हत्यार विनाविलंब जवळच्या पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायचे असते. स्वतःच्या नावावर परवाना झाल्यावरच ते घरी येते. कायदा केंद्राचा, त्यामुळे डिचोली, दोडामार्ग, खानापूर सगळीकडे नियम एकच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीकडे जास्तीत जास्त दोनच बंदुका राहू शकतात. वारशाने आलेल्याही त्यातच मोजल्या जातात.

कागद झाला म्हणजे काम झाले, असा समज असतो. मात्र खरा धोका त्यानंतर सुरू होतो. हत्याराची ओळख '.३२ बोअर' एवढीच धरली, तर या एका आकड्याखाली वेगवेगळी काडतुसे येतात. आपल्या सरकारी आयुध कारखान्यांत .३२ चे रिव्हॉल्व्हरही बनते आणि .३२ चे पिस्तूलही. रिव्हॉल्व्हरच्या '.३२ स्मिथ अँड वेसन लाँग' काडतुसाची नळी सुमारे २३ मिमी लांब, तर पिस्तुलाच्या '.३२ एसीपी'ची १७ मिमी. जुन्या, मधून मोडून उघडणाऱ्या अनेक विदेशी रिव्हॉल्व्हरांना यातले कुठलेच नाही, तर '.३२ स्मिथ अँड वेसन' हे १५ मिमीचे आखूड काडतूस लागते.

गोची अशी, की पिस्तुलाचे काडतूस बऱ्याच .३२ रिव्हॉल्व्हरांच्या चक्रात बसते. बसले म्हणजे चालते, असे मात्र नव्हे. त्याचा दाब जास्त असतो आणि शंभर वर्षांपूर्वीचे पोलाद व बिजागरी तो सोसतीलच याची खात्री नाही. चक्र फुटले तर इजा समोरच्याला नव्हे, हातात धरणाऱ्याला होते. आजोबांच्या डब्यातली जुनी काडतुसेही तितकीच घातक. दारू दमट होऊन बार फुसका गेला, तर गोळी नळीतच अडकते आणि पाठचा बार नळी फोडतो.

गोव्यात आणखी एक पदर आहे. पोर्तुगीज सैन्याने १८७८ आणि १८८६ मध्ये स्वीकारलेली, बेल्जियममधल्या लिएजची 'आबादी' रिव्हॉल्व्हरे ९.१ मिमीची होती. असे हत्यार कुणाच्या वाट्याला आले, तर जवळपासच्या मापाचे काडतूस शोधत बसण्यात अर्थ नाही. ते न झाडणेच शहाणपणाचे.

शेती संरक्षणाच्या बंदुकीलाही हेच लागू. जुन्या इंग्लिश १२ बोअरमध्ये काडतुसाची जागा अनेकदा अडीच इंचांची (६५ मिमी) असते. काडतुसावर छापलेली लांबी बार उडाल्यावर उघडलेल्या नळीची असते. त्यामुळे पावणेतीन इंची (७० मिमी) काडतूस आत सहज जाते. बार उडाला की तोंड उघडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. रानडुकराच्या मागे रात्री धावणाऱ्या शेतकऱ्याला हे सांगणार कोण?

उपाय खर्चिक नाही. वारसाच्या नावे परवाना देताना क्रमांक जुळवण्याबरोबरच जाणकार आर्मररकडून हत्यार तपासून घ्यावे आणि परवान्यावर नुसता बोअर न लिहिता काडतुसाचे पूर्ण नाव लिहावे. १२ बोअर असेल, तर लांबीही. वारसानेही नळीवरचा छाप आणि काडतुसाच्या बुडावरची अक्षरे ताडून पाहावीत. दोन्ही जुळत नसतील किंवा छाप पुसला असेल, तर माहितगाराने सांगेपर्यंत चक्र रिकामेच ठेवावे. हत्यार वारशाने मिळते. त्याची माहितीही सोबत यावी, ही जबाबदारी कचेरीची आणि घरच्यांचीही.